भुसावळहून मनालीला जाण्यासाठी विंटर टायर घ्यावेत का?

भुसावळच्या एका निवृत्त रेल्वे कर्मचाऱ्यांनी असे विचारले आहे: "जानेवारीत आम्ही चौघे स्वतःच्या गाडीने मनालीला आणि जमल्यास अटल बोगद्यापलीकडे सिस्सूपर्यंत जाणार आहोत. गाडी पेट्रोल हॅचबॅक आहे, टायरचे माप १८५/६५ आर १५ असून टायर गाडीसोबत आलेलेच, म्हणजे पाच वर्षांचे आहेत. मुलगा जर्मनीत नोकरीला आहे. बर्फात जायचे तर विंटर टायर हवेतच, तिकडे तसा कायदाच आहे, असे तो म्हणतो. इथे एक विक्रेता परदेशातून आलेले थोडे वापरलेले विंटर टायर निम्म्या किमतीत देऊ करतो आहे. ते घ्यावेत का, आणि एकदा बसवल्यावर वर्षभर चालतील का?"

मी जळगावात टायर, अलाइनमेंट आणि बॅलन्सिंगचे काम गेली अनेक वर्षे करतो आहे. आपल्या दोन्ही प्रश्नांचे माझे उत्तर "नाही" असे आहे. ते टायर घेऊ नयेत, आणि कोणी नवेकोरे विंटर टायर दिले तरी ते खान्देशात वर्षभर चालवू नयेत. मात्र आपले चिरंजीव जे सांगतात ते त्यांच्या ठिकाणी पूर्णपणे बरोबर आहे. जो टायर स्टुटगार्टच्या रस्त्यावर माणसाचा जीव वाचवतो, तोच भुसावळच्या रस्त्यावर धोक्याचा का ठरतो, हे नीट समजून घेतले तर पुढचे सगळे निर्णय आपले आपल्यालाच घेता येतील.

टायरची पकड पहिल्यांदा रबरातून येते आणि नंतर नक्षीतून. रस्त्याचा पृष्ठभाग वरवर गुळगुळीत दिसला तरी तो खडबडीत असतो, आणि रबर त्या बारीक उंचसखल भागात दबून बसते म्हणून गाडी थांबते. त्यासाठी रबर मऊ असावे लागते. आपल्याकडे विकले जाणारे बहुतेक सगळे कार टायर उन्हाळी मिश्रणाचे असतात. हे मिश्रण डांबर तापलेले असतानाही आकार धरून राहते, पण तापमान साधारण सात अंश सेल्सिअसच्या खाली जाऊ लागले की ते हळूहळू कडक होते आणि रस्त्याला घट्ट बसत नाही. विंटर टायरच्या मिश्रणात सिलिकाचे प्रमाण आणि रबराची निवडच अशी असते की शून्याखाली दहा-पंधरा अंशांतही ते मऊ राहते. सात अंश ही काही बटण दाबल्यासारखी सीमा नाही. त्या आसपास उन्हाळी टायर मागे पडू लागतो आणि हिवाळी टायर पुढे जाऊ लागतो, एवढाच त्याचा अर्थ.

दुसरा फरक नक्षीचा. विंटर टायरच्या नक्षीतला, खाचांच्या मधला एखादा ठोकळा अगदी जवळून पाहा. त्यावर ब्लेडने ओढल्यासारख्या बारीक, नागमोडी चिरा दिसतील. अंगठ्याने ठोकळा जरा ढकलला की त्या चिरा उघडतात आणि प्रत्येक चिरेची कडा वेगळी उभी राहते. बर्फावर याच शेकडो कडा पकड घेतात. रुंद खाचांमध्ये बर्फ दाबून भरला जातो तोही उपयोगी असतो, कारण बर्फाची सर्वात चांगली पकड बर्फावरच बसते. आपल्या टायरच्या खाचा मात्र मुख्यतः पावसाचे पाणी बाहेर फेकण्यासाठी असतात. त्या बर्फाने भरल्या की टायर गोटा झाल्यासारखाच वागतो.

आता हाच मऊ, चिरांचा टायर आपल्या हवामानात आणून पाहू. आपल्याकडेही कडाक्याची थंडी पडते, हे मला मान्य आहे. धुळ्यात पारा पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो, आणि सातपुड्यात तोरणमाळ, डाब, मोलगीकडे दवबिंदू गोठल्याच्या बातम्या आपण वाचतो. पण ती थंडी पहाटेची. त्याच दिवशी दुपारी पारा पंचवीस-अठ्ठावीसच्या पुढे जातो, आणि एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळचे तापमान पंचेचाळीस अंश ओलांडते तेव्हा डांबर त्याहून कितीतरी जास्त तापलेले असते. असे टायर भर उन्हाळ्यात महामार्गावर वापरलेली एक गाडी माझ्याकडे अलाइनमेंटला आली होती. गाडी वळणावर तरंगल्यासारखी वाटते, अशी मालकांची तक्रार होती. अलाइनमेंटमध्ये विशेष काही निघाले नाही. टायरवरून हात फिरवला तेव्हा ठोकळ्यांच्या कडा एका बाजूने करवतीच्या दात्यांसारख्या झिजलेल्या लागल्या, खांद्याकडचे काही ठोकळे चिरांच्या रेषेवरच फाटून तुकडे उडालेले होते, आणि नक्षीची खोली मात्र अजून भरपूर होती. मऊ ठोकळा गरम रस्त्यावर ब्रेक मारला की वाकतो, त्यामुळे गाडी थांबायला जास्त अंतर लागते आणि स्टिअरिंगला उत्तर उशिरा मिळते. झीज तर वेगळीच. म्हणून वर्षभर वापरायचा विचार आपण मनातून काढून टाकावा.

जर्मनीच्या कायद्याबद्दलही थोडे सांगतो. तिथे अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत विंटर टायर लावा, असा नियम नाही. २०१० च्या डिसेंबरपासून नियम असा आहे की रस्त्यावर बर्फ, गोठलेले पाणी किंवा बर्फाचा चिखल असेल तर त्या स्थितीला योग्य टायर असल्याखेरीज गाडी चालवता येत नाही. लोक सोयीसाठी ऑक्टोबर ते ईस्टर असा काळ धरतात. टायरच्या बाजूवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण असे चिन्ह असते. ते चिन्ह बर्फावरील पकडीची ठरलेली चाचणी पार केल्यावरच मिळते, आणि ऑक्टोबर २०२४ पासून जर्मनीत ते चिन्ह असलेलेच टायर हिवाळी म्हणून धरले जातात. 'एम प्लस एस' ही अक्षरे मात्र चिखल आणि बर्फाचा निर्देश करणारी असली तरी त्यांच्यामागे चाचणीची सक्ती नाही. नक्षी मोकळी असली की उत्पादक ती अक्षरे स्वतः छापू शकतो. आपल्याकडे मोठ्या गाड्यांच्या अनेक ऑल-टेरेन टायरवर ही अक्षरे असतात आणि काही विक्रेते ती दाखवून "हा बर्फाचाच टायर आहे" असे सांगतात. डोंगराचे चिन्ह नसेल तर ते मानू नये.

आता त्या निम्म्या किमतीच्या टायरकडे येऊ. माझा मुख्य आक्षेप तिथेच आहे. नव्या विंटर टायरची नक्षी साधारण आठ मिलिमीटर खोल असते. आपला कायदा १.६ मिलिमीटरपर्यंत टायर चालवू देतो, म्हणून चार मिलिमीटर नक्षी पाहिली की आपल्याला टायर निम्मा शिल्लक आहे असे वाटते. बर्फाच्या दृष्टीने तो संपलेला असतो. चार मिलिमीटरच्या खाली त्या बारीक चिरांची खोली आणि खाचांची बर्फ धरण्याची क्षमता फार कमी होते. ऑस्ट्रियात तर हिवाळी रेडियल टायरला चार मिलिमीटरची मर्यादा कायद्यानेच घातली आहे, आणि काही कंपन्या टायरमध्ये त्या खोलीवर वेगळी खूण ठेवतात. तिकडचे समजूतदार मालक याच टप्प्यावर टायर काढून टाकतात. म्हणजे आपल्याला "थोडे वापरलेले" म्हणून मिळणाऱ्या टायरमध्ये ज्या गुणासाठी तो घ्यायचा, तोच गुण उरलेला नसण्याची शक्यता दाट आहे. शिवाय रबर वयानेही कडक होते. टायरच्या बाजूवर लंबगोलात चार अंक असतात. पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात, म्हणजे ३५१७ असेल तर तो २०१७ सालच्या पस्तिसाव्या आठवड्यात बनला. आठ वर्षांचा विंटर टायर नखाने दाबला तरी त्याचा कडकपणा कळतो. आतल्या तारेला बसलेला मार किंवा जुना पॅच तर रिमवरून उतरवल्याशिवाय दिसतच नाही. आणखी एक गोष्ट, भारतात विकल्या जाणाऱ्या कार टायरवर आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे. ते नसलेला टायर कोणी देत असेल, तर किमतीची चर्चा सुरूच करू नये.

मग बर्फाचे काय करायचे? आपला प्रवास डोळ्यांसमोर आणा. भुसावळहून बऱ्हाणपूर किंवा धुळे-सेंधवामार्गे इंदूर, पुढे ग्वाल्हेर, आग्रा, दिल्ली, चंदीगड, मंडी आणि मनाली. जाण्याचेच अंतर सोळाशे किलोमीटरच्या आसपास आहे, आणि त्यातले जवळजवळ सगळे कोरड्या किंवा धुक्याने ओल्या झालेल्या डांबरावर कापायचे आहे. प्रत्यक्ष बर्फ मिळाला तर तो मनालीच्या पुढे, सोलंगच्या आसपास आणि बोगद्याच्या दोन्ही तोंडांजवळ, फार तर तीस-चाळीस किलोमीटरच्या टप्प्यात. तेवढ्यासाठी हजारो किलोमीटर चुकीच्या टायरवर कापणे मला पटत नाही. बोगदा ९.०२ किलोमीटरचा आहे आणि ३ ऑक्टोबर २०२० पासून तो वाहतुकीला खुला झाल्यामुळे सिस्सूला हिवाळ्यातही जाता येऊ लागले. पण बोगद्याची तोंडे तीन हजार मीटरहून उंच आहेत. ताजा बर्फ पडला की पोलीस साध्या गाड्या अलीकडेच थांबवतात आणि फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनाची ताकद मिळणाऱ्या, किंवा टायरभोवती लोखंडी साखळ्या लावलेल्या गाड्यांनाच पुढे सोडतात.

म्हणून माझा सल्ला असा आहे की आपली गाडी मनालीत ठेवावी आणि त्यापुढे रस्ता पांढरा असेल त्या दिवशी स्थानिक चालकाची फोर बाय फोर गाडी करावी. त्या चालकांना कुठल्या वळणावर ऊन उशिरा पोहोचते आणि कुठल्या पुलावर रात्रीचे पाणी गोठलेले असते, हे पाठ असते. ही माहिती कुठल्याही टायरमध्ये मिळत नाही. सावलीतल्या वळणावर डांबर नुसते ओले दिसते आणि प्रत्यक्षात त्यावर पारदर्शक बर्फाचा थर असतो. त्या थरावर चांगला विंटर टायरसुद्धा मर्यादितच मदत करतो.

इथेच फोर बाय फोरबद्दलचा एक गैरसमज दूर करायला हवा, कारण त्यापायी दरवर्षी गाड्या खड्ड्यात जातात. चारही चाकांना ताकद मिळाली की गाडी जागेवरून निघते आणि चढ चढते. थांबताना मात्र प्रत्येक गाडी चार टायरच्या पकडीवरच थांबते, मग ती किती का मोठी असेना. ज्या गाडीने बर्फात सहज चढ चढला, तीच गाडी गुळगुळीत टायरवर उतारात साध्या हॅचबॅकइतकीच घसरते, आणि वजन जास्त असल्यामुळे जास्त जोराने आदळते. म्हणून गाडी ठरवताना ती फोर बाय फोर आहे एवढेच पाहू नका, खाली वाकून तिची नक्षीही पाहा.

स्वतःची गाडी पुढे न्यायचीच असेल तर साखळ्या घ्याव्यात. त्या आपल्या टायरच्या नेमक्या मापाच्या असाव्यात, आणि गाडीच्या पुस्तिकेत साखळ्या चालतात का हे आधी वाचावे, कारण काही गाड्यांत टायर आणि सस्पेन्शनच्या मधली जागा अपुरी असते आणि साखळी ब्रेकच्या पाइपला घासते. आपली गाडी पुढच्या चाकांवर चालते, त्यामुळे साखळ्या पुढच्या चाकांना लागतील. मागची चाके तशीच राहतात, म्हणून उतारावर ब्रेक मारला की मागचा भाग बाजूला फिरू शकतो. उतारावर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्येच गाडी सावकाश उतरवावी. वेग साखळीच्या डब्यावर लिहिलेला असतो, तो बहुतेक वेळा ताशी चाळीस-पन्नास किलोमीटरच्या आत असतो. लावल्यावर शंभर-दोनशे मीटर जाऊन त्या पुन्हा आवळाव्यात आणि डांबर दिसू लागले की लगेच काढाव्यात, नाहीतर साखळी आणि टायर दोन्ही जातात. हे सगळे घरच्या अंगणात, हातमोजे घालून, दोन-तीनदा करून पाहिलेले असावे. उणे पाच अंशांत गारठलेल्या बोटांनी, मागे हॉर्न वाजवणाऱ्या गाड्यांची रांग असताना ते पहिल्यांदा शिकता येत नाही.

टायर मात्र आपण या प्रवासाआधी बदलायलाच हवेत, आणि ते खान्देशासाठी निवडावेत. पाच उन्हाळे भुसावळच्या उन्हात काढलेला टायर नक्षी शिल्लक असली तरी आतून म्हातारा झालेला असतो. हवा थोडी कमी करून बाजूची भिंत दाबून पाहिली तर बारीक तडे दिसतील. धुक्यात, ओल्या रस्त्यावर ब्रेक मारायची वेळ आली तर असा टायर साथ देत नाही. चारही टायर एकाच कंपनीचे, एकाच नक्षीचे आणि मूळ मापाचेच घ्यावेत. मापाच्या पुढे भाराचा आकडा असतो, आपल्या मापात तो बहुधा ८८ असतो, म्हणजे एका टायरला ५६० किलो. त्यापेक्षा कमी आकड्याचा टायर स्वस्त मिळाला तरी घेऊ नये, कारण चार माणसे आणि डिकीभर सामान घेऊन आपण घाट चढणार आहात. बाजूवर 'टेम्परेचर' या शब्दापुढे ए, बी किंवा सी अक्षर असेल, तर आपल्या भागासाठी ए घ्यावा, तो न मिळाल्यास बी. सी घेऊ नये, कारण ते अक्षर टायर स्वतःची उष्णता किती सहन करतो आणि बाहेर टाकतो हे सांगते. दुकानदार "नवीनच आहे" म्हणाला तरी ते चार अंक स्वतः वाचावेत, सहा महिन्यांच्या आतला टायर मिळाला तर उत्तम. बसवताना नक्षीला दिशेचा बाण असेल तर तो फिरण्याच्या दिशेने आला आहे का, आणि 'आउटसाइड' लिहिलेली बाजू बाहेर आहे का, हे उभे राहून पाहावे. घाईत ही चूक चांगल्या दुकानातही होते. नव्या टायरचा वरचा थर पहिले दोन-तीनशे किलोमीटर चकचकीत आणि निसरडा असतो, म्हणून प्रवासाच्या आदल्या दिवशी टायर बदलू नयेत, पंधरा-वीस दिवस आधी बदलावेत. जुन्यांपैकी सर्वात बरा टायर स्टेपनीला ठेवण्याची पद्धत आहे, पण पाच वर्षांचा टायर घाटात मला नको वाटतो. स्टेपनीचे वयही एकदा पाहून घ्यावे.

आपल्या चिरंजिवांना माझे एवढेच सांगणे आहे की त्यांनी तिकडे डोंगराच्या चिन्हाचे टायर चारही चाकांना लावावेत, फक्त पुढच्या दोनांना लावून पैसे वाचवू नयेत, कारण पुढची पकड चांगली आणि मागची वाईट असेल तर वळणावर गाडी गोल फिरते. सैन्यात किंवा नोकरीनिमित्त श्रीनगर, लेहसारख्या ठिकाणी कुटुंबासह संपूर्ण हिवाळा काढणारे आपल्या भागातले अनेक लोक आहेत. त्यांनाही मी हेच सांगतो आणि त्यांच्यासाठी विंटर टायरचा खर्च योग्यच मानतो. उन्हाळ्यात उतरवलेला संच अंधाऱ्या, थंड जागी ठेवावा. रिमसह असेल तर आडवा रचावा, नुसता टायर असेल तर उभा ठेवून अधूनमधून फिरवावा. सुट्टीवर येताना तो इकडे आणून गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत टाकला, तर एका उन्हाळ्यात त्याचे रबर जाते.

शेवटचा विषय हवेचा. भुसावळला दुपारी तीस अंशांत आपण ३३ पीएसआय हवा भरली आणि मनालीला पहाटे उणे पाच अंशांत पोहोचलात, तर केवळ थंडीमुळे ती साडेपाच पीएसआयने उतरेल. पण मनाली दोन हजार मीटर उंचीवर आहे, तिथे बाहेरच्या हवेचा दाब कमी असतो, त्यामुळे मापक जवळजवळ तीन पीएसआय परत जास्त दाखवेल. प्रत्यक्षात तो ३० च्या आसपास येईल. नायट्रोजन भरला तरी हे गणित बदलत नाही, कारण तापमानाने तोही तितकाच आकसतो. मनालीत सकाळी गाडी थंड असताना दाब मोजावा आणि पुस्तिकेतल्या, भरलेल्या गाडीसाठी दिलेल्या आकड्याइतकी हवा करून घ्यावी. बर्फात पकड वाढते म्हणून हवा काढून टाकण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मानू नये. तशाच गाडीने पुन्हा महामार्गावर वेग घेतला की बाजूच्या भिंती तापून फुटतात. परतीचा हिशोब उलटा असतो. तिथे पहाटे ३३ केलेली हवा भुसावळला दुपारी, गाडी थंड असतानाही, ३६ दाखवेल आणि चालून तापल्यावर आणखी वर जाईल. म्हणून घाट उतरून चंदीगड-अंबाल्याच्या सपाटीला मुक्काम झाला की दुसऱ्या दिवशी सकाळी निघण्यापूर्वी हवा पुन्हा मोजावी, आणि घरी पोहोचल्यावर आणखी एकदा. साखळ्या वापरल्या असतील तर त्याच वेळी चारही टायरच्या आतल्या बाजूला हात फिरवून कट किंवा फुगा आलेला नाही ना, हे पाहावे आणि अलाइनमेंट करून घ्यावी.